सहावीच्या वर्गातलं रोजचं एक खोटं

सिस्टर सहावीच्या पहिल्याच तासाला मुलांशी खोटं बोलल्या आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. नवरा रेल्वेत, त्याची बदली गोंदियाला झाली म्हणून आम्ही वाईहून इतक्या लांब येऊन गावाला लागूनच फुलचूरला घर घेतलं होतं. कॅथलिक शाळा म्हणजे शिस्त, स्वच्छता आणि खरेपणा, अशी माझी भाबडी समजूत. शेजारच्या वर्गात सिस्टर विज्ञान शिकवत होत्या. छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवून, प्रार्थना म्हणावी इतक्या गंभीरपणे त्या सांगत होत्या, "हृदय इथं राहते. उजव्या बाजूले."

मी दारातच थबकले. वाटलं, बाई दमल्या असतील, जीभ घसरली असेल. पण त्यांनी फळ्यावर माणूस काढला आणि त्याच्या उजव्या बाजूला हृदय रंगवलं. तास संपल्यावर मी हळूच म्हटलं, "सिस्टर, मघाशी ते हृदय..."

"हां, मॅडमजी," त्या आनंदानं म्हणाल्या. "आज का झूठ. देखते हैं कौन पकड़ता है."

मला वाटलं मी चुकून वेड्यांच्या शाळेत नोकरी धरली.

आमच्याकडे सहावी म्हणजे मिडल स्कूलचं पहिलं वर्ष. पाचवीपर्यंत मुलं खालच्या इमारतीत असतात, सहावीत वर येतात. प्रवेशाच्या वेळी पालक विचारत, "सहावीत काय काय राहते?" तेव्हा प्रिन्सिपल सिस्टर विषय सांगत. गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, तीन भाषा, आणि मूल्यशिक्षण. ख्रिस्ती मुलं मोजकीच, ती त्या तासाला फादरांकडे धर्मशिक्षणाला जात. बाकीची सगळी इथल्या पवार-कोहळी शेतकऱ्यांची, गावातल्या दुकानदारांची पोरं मूल्यशिक्षणाला आमच्या सिस्टरांकडे. विज्ञान आणि भूगोलही त्यांच्याकडेच. पण सहावीत खरं काय शिकवतात हे प्रिन्सिपल सिस्टर कुणाला सांगत नसत. सहावीत दिवसाला एक खोटं असायचं.

नियम साधा होता. दिवसभरात सिस्टर एक गोष्ट खोटी सांगणार, बाकी सगळं खरं. ज्याला संशय येईल त्यानं हात वर करून म्हणायचं, "खोटं." मग सिस्टर विचारत, "कशावरून?" इथं खरी परीक्षा. पुस्तकात लिहिलंय, मॅडम म्हणाल्या, बाबा म्हणाले, हे चालत नसे. स्वतः पाहिलेलं, हाताळलेलं किंवा विचार करून काढलेलं काहीतरी सांगावं लागे. हृदयाचं खोटं पकडणाऱ्या मुलानं पुढे येऊन सिस्टरांच्या देखत आपल्या छातीवर कान लावता येईना म्हणून शेजारच्याच्या छातीवर लावला होता.

एकदा त्या म्हणाल्या, गोंदियाहून नागपूर पूर्वेला आहे. एक मुलगा उठला. "खोटं. सकाळच्या गाडीनं नागपूरले गेलो त ऊन मांगून येते." एकदा म्हणाल्या, रोवणी, म्हणजे भातलावणी, करणाऱ्या बाया चिखलात पुढे पुढे सरकतात. सगळा वर्ग हसला. "मांगं मांगं, सिस्टर. पुढं गेल्या त लावलेलं तुडवतीन." धानाच्या भागातल्या पोरांना असलं खोटं सांगणं म्हणजे त्यांची थट्टाच, पण सिस्टरांना अधूनमधून सोपं खोटं टाकायची सवय होती. मागच्या बाकावरच्यांनाही कधी जिंकायला मिळालं पाहिजे ना, म्हणत.

आणि खऱ्या गोष्टीला कुणी खोटं म्हटलं तर? तर त्या गोष्टीची माफी मागायची. वटवाघूळ पिल्लांना दूध पाजतं, यावर एक मुलगा उसळून "खोटं" म्हणाला होता. मधल्या सुट्टीत तो शाळेमागच्या वडाखाली उभा राहून, वर उलट्या लटकलेल्या वटवाघळांना हात जोडून सॉरी म्हणत होता. मी खिडकीतून ते पाहिलं आणि हातातला डबा तसाच राहिला.

सिस्टर छत्तीसगडातल्या जशपूरकडच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, करड्या साडीतल्या. सायकलवरून येताना साडीच्या मागच्या काठाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावत आणि ते काढायला हमखास विसरत. फळ्याकडे वळल्या की मागून चिमटे दिसत. वर्गात खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. मुलांच्या बाकावर, दोघांच्या मध्ये अंग घुसवून बसत आणि तिथून शिकवत. दुपारी भाताची पेज पीत, मीठ टाकून, आणि वाटी चाटूनपुसून ठेवत. मराठी त्या आमच्या मुलांकडूनच शिकल्या होत्या, त्यामुळे हिंदी आणि इथली झाडीबोली यांचं जे काही होऊन बाहेर पडायचं ते ऐकून माझ्यासारख्या मराठीच्या बाईला सुरुवातीला घेरी यायची. "रडून कायले राहिली, बाबू? पेट में दुखून राहिलं का?" असं त्या म्हणत. मुली असोत वा मुलगे, सगळे त्यांचे बाबूच.

मी न राहवून एकदा विचारलं, "सिस्टर, तुमच्या धर्मात खोटं बोलणं पाप ना?"

"है ना."

"मग?"

"शनिवार को कन्फेशन में बोल देती हूँ. पूरे हफ्ते का."

म्हणजे दर शनिवारी ही बाई म्हाताऱ्या फादरांपुढे गुडघे टेकून सांगत होती की सोमवारी नागपूर पूर्वेला नेलं, मंगळवारी हृदय उजवीकडे सरकवलं. "मग फादर काय म्हणतात?"

"पहले डाँटते थे. अब पूछते हैं, पकड़ा किसने?"

पालकसभा आली तेव्हा मला वाटलं, आता सिस्टरांचं काही खरं नाही. सौंदडकडचे एक शेतकरी बाबा तावातावानं उभे राहिले. पोरगा सहावीत, शाळेच्या वसतिगृहात, सुट्टीत घरी आला होता. "सिस्टर, हे काय शिकवून राहिले तुमी? पोरगा मले जेवाच्या ताटावर म्हंते, बाबा, हे खोटं. कशावरून सांगू का? मायबापाले असं बोलतेत काय?"

सगळी सभा त्यांच्या बाजूची झाली होती. माना डोलू लागल्या. सिस्टर बाकावरून उठल्या. "आप क्या बोले थे?"

बाबा जरा घुटमळले. "मी म्हनलं, तंबाखूचा खर्रा सोडला."

"छोड़ा?"

बाबा खाली बसले. शेजारी त्यांची बायको बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते ते लपले नाहीत. प्रिन्सिपल सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या मला नंतर म्हणाल्या, एक दिवस ही सगळ्या शाळेला घेऊन बुडणार. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

सहावीत वसतिगृहातली एक मुलगी होती. तिरोड्याच्या पलीकडल्या एका तलावाच्या गावची. किरकोळ अंगाची, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेली, बोलण्यात जेमतेम. वर्ष संपत आलं तरी तिनं एकही खोटं पकडलं नव्हतं. हात अर्धा वर जायचा आणि केस सारखे केल्यासारखं करून खाली यायचा. सिस्टरांना ते दिसायचं. तिच्यासाठी म्हणून त्यांनी सोपीतली सोपी खोटी टाकून पाहिली. कधी शेजारी जाऊन बसत, कोपरानं ढोसत. ती नुसती हसायची.

त्या साली शाळेला पाण्याचं नवं फिल्टर मशीन मिळालं. देणारे तिच्याच गावचे, मोठ्या राइस मिलचे मालक, आमच्या वसतिगृहाच्या समितीवरही होते. माणूस वाईट नव्हता. मुलांना पाहून खरंच खूश झाला. उद्घाटनाला मैदानात सगळी शाळा बसलेली, काही पालक आलेले. शेटजींनी भाषण केलं. पाण्याचं महत्त्व सांगता सांगता म्हणाले, "हमारे खानदान में ये सेवा पुरानी है. आमच्या गावचा तलाव आहे ना, तो माझ्या आजोबांनी बांधला."

सहावीच्या रांगेत एक हात वर गेला. पूर्ण वर, कोपर ताठ.

मी तिच्याच रांगेशेजारी उभी होते. "हात खाली घे," मी दबक्या आवाजात म्हटलं. पण तोवर ती उभी राहिली होती.

"खोटं," ती म्हणाली.

शेटजींना वाटलं पोरगी काहीतरी विचारते आहे, ते हसून पुढे झुकले. आणि तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या आमच्या सिस्टर, वर्षभर या एका हाताची वाट पाहिलेल्या, आनंदानं भान हरपून बोलून गेल्या, "कशावरून?"

मी डोळे मिटून घेतले.

"तलावाच्या पाळीची डागडुजी निंघते तवा मातीचं पयलं टोपलं आमच्या घरचं पडते," मुलगी म्हणाली. एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. "आमच्या घरचं पडल्याबिगर दुसऱ्याचं पडत नाही. ज्याहीनं तलाव बांधला त्याइचाच मान राहते. शेटजीच्या घरचं टोपलं बारावं पडते."

काही पालक हसले. शेटजीही हसले, बिचारे. "होशियार है बिटिया," म्हणाले आणि भाषण आवरतं घेतलं. तिथंच संपलं असतं. पण कुण्या पालकानं मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं. दोन दिवसांत ते त्यांच्या गावच्या ग्रुपवर फिरलं, आणि मग गावात शेटजींना लोक विचारू लागले, काय शेटजी, टोपलं कितवं?

शेटजींचा निरोप आला. मशीन राहू द्या, पण असल्या पोरीला वसतिगृहात ठेवू नका, बाकीची बिघडतील. नाहीतर तिनं शाळेपुढे सांगावं की आपण खोटं बोललो. प्रिन्सिपल सिस्टरांनी आमच्या सिस्टरांना आणि मला खोलीत बोलावलं. मुलीच्या गावची शाळा पाचवीपर्यंत. वसतिगृहातून काढली तर तिची सहावीच शेवटची, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. घरी तिच्यामागे दोन लहान भावंडं होती, त्यांना सांभाळायला ती आयतीच मिळाली असती.

"वो झूठ नहीं बोले," आमच्या सिस्टर म्हणाल्या. "ग़लत बोले. उनको घर में यही पढ़ाया होगा. ही चूक माझी आहे. चूक और खोटं में फरक मी पोराइले शिकवला नाही. मैं उनके घर जाकर बोलूँगी."

त्या खरंच गेल्या, सायकलवरून, चिमटे लावून. शेटजींनी चहा पाजला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, सिस्टर, तुमचं बरोबर आहे, पण गावात माझं हसं झालं ते तुमच्या या फरकानं भरून निघत नाही. मुलीनं शाळेपुढे बोललं पाहिजे.

परत येऊन सिस्टर प्रिन्सिपल सिस्टरांना म्हणाल्या, "मुलगी नाही बोलणार. मैं बोलूँगी. उससे काम चलेगा क्या, पूछो." विचारलं. शेटजींना चाललं.

सोमवारच्या प्रार्थनेला शेटजी येऊन बसले. मुलगी पहिल्या रांगेत, मान खाली. सिस्टर पुढे आल्या. रोजच्यासारख्याच, पण आवाज पडलेला. म्हणाल्या, "त्या दिवशी सहावीची मुलगी तलावाबद्दल जे बोलली ते खोटं होतं. तिला तसं बोलायला मी शिकवलं. शेटजींची मी माफी मागते."

हे वाक्य त्यांनी शुद्ध मराठीत म्हटलं. आदल्या दिवशी माझ्याकडून घोटून घेतलं होतं. मुलांना सत्य शिकवायला वर्षभर हौसेनं खोटं बोललेली बाई आता खरोखरचं खोटं बोलत होती. मला ते पाहवेना.

बोलून झालं तरी त्या मागे सरल्या नाहीत. सहावीच्या रांगेकडे पाहत उभ्या राहिल्या. मला एकदम कळलं. त्या वाट पाहत होत्या. त्यांना हात हवा होता. मी मनात म्हणत होते, नका रे, कुणी हात वर करू नका, तिची जागा जाईल. आणि नाहीच कुणी केला. दिवसाला एक खोटं पकडणारी, वडिलांना ताटावर पकडणारी ती सगळी पोरं आपापल्या बुटांकडे पाहत गप्प उभी होती. शेवटी प्रिन्सिपल सिस्टरांनी त्यांच्या कोपराला धरलं आणि बाजूला नेलं.

मुलीची जागा राहिली. शेटजी शब्दाला जागले.

स्टाफरूममध्ये सिस्टर पेजेची वाटी पुढे घेऊन बसल्या होत्या. पेजेवर साय धरली होती. "मॅडमजी, सब कच्चे रह गए," त्या म्हणाल्या.

माझा संताप झाला. "अहो सिस्टर, हात वर केला असता तर त्या पोरीचं काय झालं असतं?"

"उसको बचाना मेरा काम था. हाथ उठाना उनका." मग म्हणाल्या, "सामने खोटं बोललं, सर्वांनी ऐकलं. एकानं पण नाही. साल वाया गेलं माझं."

मनातून मलाही तसंच वाटलं होतं. पोरं घाबरली, झालं. मोठ्या माणसांपुढे घाबरायचं हे त्यांना सहावीच्या आधीच कुणीतरी शिकवलेलं असतं.

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, जशपूरच्या पलीकडे एका लहान शाळेत. बदल्या दरवर्षी होतातच, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्यांना निरोप द्यायला मुलं नव्हती, सुट्टी लागली होती.

शाळा पुन्हा उघडली. ती मुलगी सातवीत, आता माझ्या वर्गात. एका मधल्या सुट्टीत ती नळावर डबा धूत होती. मी बऱ्याच दिवसांचं मनातलं विचारून घेतलं. त्या दिवशी सिस्टर बोलल्या ते खोटं होतं हे कुणालाच कसं कळलं नाही?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातली ढ मीच. "कळलं होतं न, मॅडम. सगळ्याइनं पकडलं होतं."

"मग हात का नाही वर केला?"

"हात उचलला असता त सिस्टरनं कशावरून म्हनून विचारलंच असतं. मंग सांगा लागलं असतं. मंग सिस्टर सगळ्याइपुढं खोटी पडली असती."

"हे तुम्ही ठरवलं होतं?"

"नाही. मी खाली पाहून राहिली होती. मले वाटलं कोनी ना कोनी उचलनच. कोनीच नाही उचलला." आणि ती पुन्हा डबा घासायला लागली.

मी तिथंच नळाच्या कट्ट्यावर बसले. चाळीसेक पोरं, अकरा-बारा वर्षांची, एकमेकांशी एक शब्द न बोलता, एका बाईची लाज राखत उभी राहिली होती. आणि मी, मोठी भाषा शिकवणारी, त्यांना भित्री समजले होते. आणि सिस्टर तर साल वाया गेलं म्हणून निघून गेल्या होत्या.

मी तिला तशीच, डब्यासकट, हाताला धरून स्टाफरूममध्ये आणलं आणि सिस्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना रडू येईल, देवाचे आभार मानतील. कसचं काय. त्या भडकल्या.

"मेरे लिए झूठ छोड़ दिया? मेरे लिए?" फोन कानापासून दूर धरावा लागला. "फोन दो उसको."

मी मुलीच्या हातात फोन दिला. सिस्टरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबू, माझं खोटं पण पकडायचं. मैं कौन हूँ? कोणी असो, हात वर. समजली?"

"समजली."

"पुढच्या वेळी करशील?"

मुलीनं विचार केला. खिडकीबाहेर पाहिलं, ओल्या हातानं वेणी मागे टाकली. मला वाटलं, आता हो म्हणेल आणि सुटेल. मी असते तर म्हटलं असतं.

"नाही, सिस्टर," ती म्हणाली.

तिनं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"तुमी माह्यासाठी बोलल्या होत्या. मी नाही करीन," ती म्हणाली. घंटा झाली तशी फोन माझ्या हातात देऊन, डबा उचलून वर्गाकडे गेली.

मी फोन कानाला लावला. मग सिस्टरांचा आवाज आला, मघाचा नव्हे, बसलेला.

"मॅडमजी, ये तो मैंने नहीं पढ़ाया."

"नाही, सिस्टर."

"तो किसने पढ़ाया?"

"मला काय माहीत?"

"पता करो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.